वर्नेटाला आपलं वाटावं म्हणून

३ फेब्रुवारी, सोमवार. मेम्फिस.
निश्चय: कृष्णवर्णीय स्त्रियांना आमच्या विमा ऑफिसात आपलं वाटलंच पाहिजे. विभागप्रमुख म्हणून माझं ते कर्तव्य आहे. आमच्याकडे अशी एकच बाई, वर्नेटा. म्हणजे काम आटोपशीर. समिती नेमली: मी, कार्ल आणि दुसरा कार्ल.

५ फेब्रुवारी
वर्नेटाने विचारलं, समितीत मी का नाही? समजावलं, की जिच्यासाठी मेजवानी तिला कुणी चुलीपाशी बसवत नाही. मान हलवून आपल्या टेबलाकडे वळली. पटलं असावं. बैठकीचं टिपण मात्र तिलाच लिहायला दिलं. शुक्रवारी ऑफिसात एकत्र जेवण ठेवलंय; त्याला गोड म्हणून पीच कॉब्लरही तिनेच करून आणायचं ठरलं. एकमताने.

७ फेब्रुवारी
जेवण झकास. कॉब्लर तीनदा घेतलं. मी बटाट्याचं सॅलड नेलं होतं, खास मनुका घालून. वर्नेटाने एक मनुका काट्यावर धरून बराच वेळ न्याहाळली. कोणी केलंय म्हणाली. मी, म्हटलं. म्हणाली, वाटलंच. आता इतकी जवळीक झाली आहे.

१० फेब्रुवारी
शाखाप्रमुखाची जागा रिकामी झालीय. वर्नेटाला ती हवी आहे आणि माझं शिफारसपत्र हवंय. म्हणाली, दोन वर्षं ते काम मीच करतेय, नॉर्मन. असेल. पण वर गेली की एकटी पडेल बिचारी. इथं आम्ही सगळे आहोत. पत्र तूर्त माझ्या खणात. ती आठवडाभर रजेवर गेली, तेव्हा घाई नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळी
आनंदीआनंद. ऑफिसात दुसरी कृष्णवर्णीय बाई आली! समितीला दोन आठवड्यांत हे यश. वर्नेटाच्या वेण्या कमरेपर्यंत; हिचे केस अगदी बारीक कापलेले, कानात मोठ्या रिंगा, पिवळा कोट. स्वतः पुढे होऊन स्वागताची टोपली दिली: पेन, बिस्किटं आणि 'आपण सारे एक कुटुंब' लिहिलेला मग. सगळं ऑफिस फिरवून दाखवलं.

बाई भारी चौकस. अहवाल कोण लिहितं विचारलं. म्हटलं, वर्नेटा लिहिते, सही माझी. मग ती प्रमुख का नाही? म्हटलं, दुभती गाय कोणी शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधतं का? पत्र म्हणूनच खणात आहे. ती हसली. मीही हसलो. वर्नेटाच्या टेबलावर बस म्हटलं, तर बसली आणि खिशातून किल्ली काढून खण उघडला.

११.४०
किल्ली तिच्याकडे कशी, हे कार्लला विचारलं. कार्ल म्हणाला, ती वर्नेटाच आहे. दुसऱ्या कार्लला विचारलं. तोही तेच म्हणाला.

दुपारी
मी माणसाचा रंग बघतच नाही, त्याचा हा परिणाम. तत्त्व म्हणून माझी बाजू भक्कम आहे.

१९ फेब्रुवारी
माफी मागायला गेलो. केस छान दिसतात, म्हटलं. म्हणाली, नऊ वर्षं तुझ्यासमोर बसतेय. एकदा तरी बघितलंस का माझ्याकडे? आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.   संकल्प: उद्यापासून बघणे.

२० फेब्रुवारी
बघायला गेलो. वर्नेटा नॅशव्हिलला, मुख्य ऑफिसात. काय काम काढलंय कोण जाणे. पत्र आज पाठवणार होतो, पण समितीची बैठक लांबली.

३ मार्च
वर्नेटा शाखाप्रमुख झाली. साहेबाचं पत्र नाही, तर साहेबाचं म्हणणंच सांगते, असं म्हणून तिने नॅशव्हिलला माझं त्या दिवशीचं बोलणं ऐकवलं म्हणे. गाय, गोठा, सगळं.

सकाळी बोलावून घेतलं. तीच टोपली माझ्या हातात ठेवली. बिस्किटं संपली होती, 'एक कुटुंब'वाला मग तेवढा उरला होता. ऑफिस फिरवून दाखवलं. कॉफी इथं, माझं टेबल आता तिकडे, दोन कार्लच्या मध्ये. म्हणाली, सुरुवातीला परकं वाटेल. वाटेल हळूहळू आपलं.

मी विचारलं, इथले अहवाल कोण लिहितं?

म्हणाली, तू.