नोको

बाबा, तुमची खंजेरी मी खुंटीवरून काढली. हे आधीच सांगतो, नाहीतर बाकीचं काहीही लिहिलं तरी तुम्ही "खंजेरी कुठं हाये" एवढंच विचारत बसाल. ती सुखरूप आहे. एक झांज ढिली होती, ती तार घालून घट्ट केली. ओल्या फडक्यानं पुसायची नाही, हेही लक्षात होतं. मी ती चर्चमध्ये वाजवली.

झालं असं. शहापूरला मी साउंड सिस्टिमच्या दुकानात आहे. तिथून चर्चच्या नाताळच्या कार्यक्रमाला माइक-स्पीकर गेले आणि त्यांच्यासोबत तालमीपासून मीही. तिथल्या भजनांना ते गॉस्पेल म्हणतात. गिटार, कीबोर्ड, ड्रम, सगळं आहे. आणि मुख्य गाणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई, आपल्याच दिघोरीकडच्या. नवीन गाणं त्यांनी स्वतः रचलेलं, आपल्या बोलीत: "मले सोडू नोको, देवा, मले सोडू नोको." पडद्यावर दाखवण्यासाठी ते टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं शुद्धलेखन चांगलं आहे असं दुकानदार सगळ्यांना सांगत असतो. शाळा अर्ध्यात सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही. मी टाइप केलं, "मला सोडू नको". दोनदा तपासलं.

तालमीत सगळे पडद्याकडे बघून म्हणतात आणि गाणं काही उठत नाही. शेवटच्या शब्दाशी येऊन प्रत्येक वेळी लंगडतं. "काहून गा, गाडा कायले अडकून राहिला?" म्हणत नर्सबाई चष्मा लावून पडद्यापाशी जातात. "'नोको'चा 'नको' कोणं केला?" मी म्हणालो, "मी केला. शुद्ध तसंच आहे." "शुद्ध हाये ना बापू, पर थाप कुठं देशीन? थाप 'नो'वर हाये. तू तं थापेची जागाच खाऊन टाकली." ड्रमवाला काड्या मांडीवर ठेवून हसत राहिला. माझे कान तापले, आणि मला एकदम आपला तलाव दिसला.

तुम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळं झटकत भजन म्हणता आहात, "जाऊ नोको, जाऊ नोको". मी चौथीत आहे. "बाबा, नोको नाही, नको. बाईंनी सांगितलं." तुम्ही जाळं खाली ठेवता. "तुह्या बाईले म्हण, खंजेरी घेऊन ये अन् 'नको' म्हणून दाखव." दिवसभर मला वाटत राहिलं की तुम्ही रागावलात. संध्याकाळी आई मासोळीचं कालवण करत होती, तुम्ही चुलीपाशी खंजेरीचं कातडं शेकत होता. मला जवळ घेऊन माझा हात धरलात: "नो"वर थाप, "को"वर झांज. मला वाटलं, राग गेला. आता कळतं, ते तुमचं उत्तर होतं. मला पोचायला वेळ लागला.

पडद्यावर मी "नोको" केलं आणि नर्सबाईंना म्हणालो, आमच्या घरी खंजेरी आहे. म्हणालो आणि घाबरलो. तुम्ही गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. भजनाची खंजेरी, तुमच्या हातची. ती ड्रम-गिटारच्या मध्ये, दुसऱ्यांच्या देवासमोर नेली तर तुम्हाला चालेल का, हे विचारायचं कुणाला? आईला विचारलं. ती मासोळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या बाबाले देवाचा कधीच राग नोहता. ताल चुकला का राग ये. ने. पर मलेबी नेजो."

कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमवाल्यानं न सांगता हात थांबवले. गिटारही थांबली. फक्त माणसं म्हणतायत आणि खंजेरी वाजते आहे. "सोडू नोको" आलं, की अख्खं चर्च माझ्या थापेवर उतरायचं. मला भीती वाटायची राहूनच गेली, बाबा. आई पदर सावरत टाळी देत होती आणि नर्सबाई तिच्याकडे बघून गात होत्या. घरी येताना आई म्हणाली, "बरी वाजवली. एक डाव घाई केली तू." तुम्हीही हेच म्हणाला असतात.

हे मोबाइलवर लिहितो आहे. पाठवायचं नाही, तरी दोनदा तपासलं. "नोको"खाली लाल रेघ येत राहिली, ती तशीच राहू दिली. आणि एक राहिलं. खंजेरी खुंटीवर परत लावलेली नाही. माझ्या पिशवीत आहे.