मिसेस हेस्टर बॉयकिन यांस

मेम्फिस,
९ मार्च १९३०

ती. व्हर्डीताईस,
ओझेलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहिते. नाहीतर म्हणशील, शहरात गेली आणि शेफारली. तशी थोडी शेफारलेय. अगं, आमची गाणी ग्रामोफोनच्या तबकडीवर घेणार आहेत! उत्तरेकडून एक साहेब यंत्र घेऊन आलाय. हॉटेलात खोल्या घेतल्यात, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्यात म्हणे. गेल्या शनिवारी मासळी तळायच्या जलशात मी आणि लेम वाजवत होतो, तिथे साहेबाच्या माणसानं ऐकलं. अठरा तारखेला बोलावलंय. काळ्यांनी मागच्या जिन्यानं यायचं, हे सांगायला तो विसरला नाही.

त्याला वाटलं, तारा रडवणारी गिटार नवऱ्याची. तारांवर घसरवायचं बाटलीचं नरडं माझ्या बोटात बघूनसुद्धा तो लेमचंच कौतुक करत सुटला. लेम म्हणाला की ती करामत बायकोची, मी आपला मागून ठेका धरणारा बैल. एवढं मोठं वाक्य तुझे मेव्हणे महिन्यातून एकदाच बोलतात, म्हणून मुद्दाम कळवते.

आईला हळूच सांग. ब्लूज म्हणजे तिच्या लेखी सैतानाची गाणी, ती कानांवर हात ठेवणार, ठाऊक आहे मला. तिला वेगळं पत्र टाकलंय. पाकिटावर चांगल्या अक्षरात मिसेस हेस्टर बॉयकिन असं लिहिलंय. जन्मात एकदा तरी तिच्या नावानं असं पत्र यायला हवं की नाही?

लोभ आहेच. शिव्या घालायच्या असतील तर त्याही पत्रानेच घाल.
तुझी,
ओझेला

डोव्ह क्रीक, मिसिसिपी,
१३ मार्च

चि. ओझेलास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चांगल्या अक्षराचं काय झालं ते ऐक. पोस्ट टिल्डनच्या दुकानातच, हे तू विसरलीस की काय? त्यानं सगळ्यांदेखत पाकीट वर धरलं, कानामागची निळी पेन्सिल काढली आणि मिसेस हा शब्द खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला. मग मला म्हणाला की बहिणीला कळव, इथे काळ्या बाईला नुसतं नाव पुरतं. दुकानात दहा-बारा माणसं होती, पण कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही.

आई एकसष्ट वर्षांची. टिल्डनची सून सतराची. आई तिला मिसेस म्हणते आणि ती पोरगी आईला अगं हेस्टर म्हणून हाक मारते. हे काही आजचं नाही. मग कशाला उगाच खपली काढलीस?

आईनं पाकीट घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि टिल्डनचेच शर्ट इस्त्री करायला बसली. एक कॉलर करपली. तीस वर्षांत पहिली.

गाण्यांचं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं की लेमकडे धड कोट आहे का. आहे का? घशाला जप.
तुझी,
ताई

मेम्फिस,
२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट उसना मिळाला, बाही आखूड. तुझं पत्र सोळाला आलं आणि मी दोन दिवस जेवले नाही. रागानं नवं गाणं केलं. एक कडवं लिहिते:

सोमवारी धुतलं तुमचं, मंगळवारी वाळवलं,
हो, सोमवारी धुतलं तुमचं, मंगळवारी वाळवलं,
शनवारी लिहिलं नाव माझं, कुणी पेन्सिलीनं खोडलं.

हॉटेलात गेलो. साहेबानं सांगितलं की तांबडा दिवा लागला की गाणं संपवायचं, आवाज आधी मेणाच्या चकतीवर कोरतात आणि तीन मिनिटांच्या वर मेण पुरत नाही. दोन कडवी झाली. मधे माझी गिटार एकटी वाजते, तिथे लेम नेहमी मला काहीतरी हाळी देतो. गं पोरी म्हणतो, राणी म्हणतो. त्या दिवशी मला आमच्या आडनावानं हाक मारून तो म्हणाला की वाजवा, मिसेस टार्पली, वाजवा!

साहेबानं यंत्र थांबवलं. म्हणाला की हे काय मधेच? दक्षिणेतल्या दुकानांत हे खपायचं नाही, पोरी म्हण, काय वाटेल ते म्हण. लेम हो साहेब म्हणाला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच म्हणाला! तिसऱ्यांदाही तेच. खाली मुंडी पाताळ धुंडी म्हणतात तो हा माणूस. तीन मेणं वाया गेली. साहेब लालबुंद. म्हणाला की एकच उरलंय, नीट वाजवा नाहीतर जिना उतरा.

मी बाहेर नेऊन लेमला हात जोडले. म्हटलं की आठ वर्षं रस्त्यावर धूळ खाल्ली, आता दाराशी आलेलं लाथाडू नकोस. तो म्हणाला की बरं, तुझं गाणं, तू म्हणशील तसं.

चौथ्या वेळी माझी जागा आली आणि तो गप्प राहिला. ताई, ती शांतता मला सोसवेना. मला वाटलं, खोडायची पेन्सिल आता माझ्याच हातात आहे. शेवटचं कडवं संपलं, तांबडा दिवा लागला, आणि मी गिटार न थांबवता यंत्राच्या तोंडाशी वाकून म्हटलं की हे गाणं डोव्ह क्रीकच्या मिसेस हेस्टर बॉयकिन यांचं, आणि वाजवलं त्यांची लेक मिसेस टार्पली हिनं. मग तार ओढून संपवलं.

साहेब शिव्या देत उठला, पण मेण संपलं होतं आणि त्याला गाडी गाठायची होती. तबकडी काढतो की मेण वितळवतो, देव जाणे. वितळवलं तर वितळवलं.

आईला नमस्कार. लोभ असो, कान नंतर उपट.
तुझी,
ओझेला

डोव्ह क्रीक,
२७ मार्च

चि. ओझेलास,
आशीर्वाद देते, पण आधी हे वाच.

तुला वेड लागलंय का? तिकडे तुम्ही शहरात, एक गल्ली बंद झाली तर दुसरी. आम्ही इथेच आहोत. पाण्यात राहून माशाशी वैर करता येत नाही. टिल्डननं दुकानात तबकड्या वाजवायचं नवं यंत्र आणलंय. प्रत्येक नवी तबकडी शनिवारी ओसरीवर लावतो, गिऱ्हाईक जमावं म्हणून. त्यात आईचं नाव, गावाचं नाव! निम्मं धुणं आईला त्याच्या घरचं आणि त्याच्या भावकीचं मिळतं. ते गेलं तर? आणि धुण्यावरच भागलं तर नशीब म्हणायचं. आपल्या लोकांची घरं याहून कमी कारणासाठी जाळली गेली आहेत, हे तुला मी सांगायला हवं?

साहेबाला आजच्या आज लिही की शेवटचं वाक्य काढून टाक. आईला मी काही सांगितलेलं नाही. माझं ऐक, ओझेला. तुझ्यावरची माया कमी नाही, पण यावेळी मी भ्यालेय.
ताई

मेम्फिस,
६ एप्रिल

व्हर्डीताईंस,
लेम्युअल टार्पलीचा नमस्कार, वि. वि.

ओझेला उत्तर लिहायला बसते आणि फाडते, म्हणून मीच लिहितो. मला लिहिणं येत नाही फारसं, चूकभूल माफ करा.

आमचं लग्न लागलं तेव्हा पाद्रीबाबांनी तिला मिसेस टार्पली म्हटलं. ती चर्चच्या पायऱ्या उतरली आणि खाली उभ्या असलेल्या गोऱ्या मुकादमानं तिला ए पोरी म्हणून हाक मारली. पायऱ्या सहा होत्या. तेवढा वेळच ती मिसेस होती. मी तेव्हा मान खाली घातली. हे तिला मी कधी बोललो नाही.

साहेबाला आम्ही लिहिणार नाही. तुमची भीती खरी आहे, मी त्या भीतीला हसत नाही. पण विचारा आईंना. नाव त्यांचं आहे. त्या काढा म्हणाल्या तर मी स्वतः उत्तरेला चालत जाईन.

कोट परत केला. कृपा असू द्यावी.
आपला,
लेम

डोव्ह क्रीक,
१५ जून

चि. मिसेस टार्पलीबाईंस,
ताईचे अनेक आशीर्वाद. हसू नकोस.

लेमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण आईला विचारायचं धाडसच झालं नाही. वाटलं, तबकडी निघणारच नाही. काल निघाली.

शनिवार, ओसरी गच्च भरलेली. आई टिल्डनच्या घरचं धुणं घेऊन आली होती. गाणं लागलं की ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहते, तशी निघालीही. टिल्डननं तबकडी काढली. वर छापलंय, लेम टार्पली आणि बायको. तुझं नावसुद्धा नाही! मी म्हटलं, सुटलो. मग तुझा आवाज आला, आणि पेन्सिलीचं कडवं आलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. टिल्डन साखर तोलत होता, त्याच्या काही ध्यानात आलं नाही. आणि मग शेवटी तू बोललीस. मी आधी टिल्डनकडे बघितलं गं.

टिल्डननं झटकन सुई उचलली. म्हणाला की तबकडी बिघडलेली आहे.

तेवढ्यात आई रस्ता ओलांडून परत आली. डोक्यावरचं गाठोडं त्याच्यासमोर फळीवर ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली की म्हातारपणी कमी ऐकू येतं, शेवटचं नीट कळलं नाही, पुन्हा लावा. तो म्हणाला की घरी जा, हेस्टर. ती म्हणाली की विकायला ठेवलीय ना, मग मला एक द्या. अगं, आमच्याकडे यंत्र नाही, काही नाही! मग तिच्यामागून शेजारचा थोरला पर्व्हिस पुढे आला. त्यानं टोपी काढली, आईकडे बघून काढली, आणि मलाही मिसेस बॉयकिनची तबकडी द्या म्हणाला. मग त्याची बायको. मग कोण कोण, मला मोजता आलं नाही. जो तो पूर्ण नाव घेऊन मागत होता. आणि मीही मागितली, ओझेला. मी, जिनं मार्चमध्ये हूं की चूं केलं नाही.

टिल्डननं आईला एक दिली, आणखी दोन-चार विकल्या, मग बाकीच्या फळीखाली ढकलल्या आणि आईला सांगितलं की उद्यापासून धुणं आणायचं नाही. त्याची भावकीही देणार नाही. रात्री दाराला खाट लावून झोपलो. अजून तरी कोणी आलेलं नाही. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. आईला विचारलं की आता कसं करायचं, तर म्हणाली की हात माझेच आहेत ना अजून.

तिची तबकडी बायबलमध्ये मावेना, म्हणून वर ठेवलीय. ब्लूज तिला अजूनही पाप वाटतं आणि तुम्ही दोघांनी चर्चला जावं असा तिचा निरोप आहे. पण आज पर्व्हिसकडच्या यंत्रावर तिनं ती चारदा ऐकली.

लेमला माझा नमस्कार. त्याला म्हणावं, त्या पायऱ्यांचं मी आईला सांगितलं. माया आहेच, ती कमी करून घेणार नाही.
तुझी,
ताई

ता. क. आई सांगतेय तसं लिहिते. ओझेला, यापुढे दर आठवड्याला पत्र टाक. पाकिटावर नाव पहिल्यासारखंच घाल, ठळक. तो खोडणार, खोडू दे. त्याच्याकडे पेन्सिली किती आहेत ते मला बघायचंय.