अंगठीची फीत

मोकेग्वा, ४ मे

चि. नियेवेस हिस अनेक आशीर्वाद.

प्रकृती बरी, गुडघा आहे तसाच. हा विषय फोनवर बोलण्याजोगा नाही, म्हणून लिहीत आहे.

तुझ्या आईच्या पश्चात ‘ग्रिसेल्दा’ या तिच्या नावाने केकच्या ऑर्डरी घेण्यास मी संमती दिली, ती त्या नावाची अब्रू राखली जाईल या विश्वासाने. काल न्हाव्याच्या दुकानात ऐकावे लागले की आरेकिपातील एका लग्नात ग्रिसेल्दाच्या केकमधून अंगठी तुझ्या गिऱ्हाईक ओब्दुलियाबाईंच्या भाचीलाच निघाली, आणि ती निघणार हे बाईंना आधीच ठाऊक होते. आता नशीबही ऑर्डरप्रमाणे मिळते म्हणे, मास्तर, असे म्हणून न्हावी हसला. अर्धी दाढी तशीच टाकून मी उठून आलो.

केकखालून लोंबणाऱ्या, आतल्या टोकाला एकेक वस्तू बांधलेल्या फिती अविवाहित मुली ओढतात. जिच्या फितीला अंगठी, तिचे लग्न पुढचे. त्यात खूण करून ठेवणे ही शुद्ध फसवणूक आहे. तुझ्या आईने हे कदापि केले नसते. आमचा संसारच अशा एका फितीवर उभा राहिला. माझ्या चुलतभावाच्या लग्नात तिने फीत ओढली, अंगठी निघाली, तिने वर पाहिले, तो समोर मी. त्याच आठवड्यात मी मागणी घातली.

येत्या शनिवारच्या आत खोक्यांवरून तिचे नाव काढावे. खुशालीचे पत्र यावे, सबबींचे नको.

लेओन्सिओ


आरेकिपा, ९ मे

ती. बाबांस सा. न.

मलम लावत नसणारच तुम्ही.

पत्र वाचून मीही भडकले. लोक आईच्या नावावर येतात. ते काढलं तर ओव्हन विकावा लागेल. ओब्दुलियाबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या. म्हणाल्या, पोरी, दर लग्नात आमच्या रेबेकाच्या फितीला शिवताना बोटात घालायचा अंगुस्ताना येतो, म्हणजे जन्मभर कुमारिका, आणि तिच्या काकवा तिच्या तोंडावर हसतात. एकदा तरी तिला अंगठी मिळू दे.

अंगठीच्या फितीच्या बाहेरच्या टोकाला बारीक गाठ मारायची. बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही. हे मला कुणी शिकवलं? न्हाव्यानं नाही, आईनं. तुमच्या चुलतभावाच्या लग्नाचा केक तिच्या आत्यानं भाजला, पण फिती आईनं बांधल्या होत्या. ती म्हणायची, तुझे बाबा नुसती पुस्तकं आणून द्यायचे आणि हवापाण्यावर बोलून निघून जायचे. त्यांची वाट बघत बसले असते तर अंगुस्ताना घालूनच मेले असते.

आता सांगा, कुणाचं नाव काढू?

रागावलात तरी तुमचीच,
नियेवेस


मोकेग्वा, १३ मे

चि. नियेवेस हिस आशीर्वाद.

पत्र पोहोचले. माझा राग गेलेला नाही. त्याची दिशा बदलली आहे. आज तिच्या थडग्यापाशी जाऊन जाब विचारला. शेजारी फुले ठेवणारी बाई वळून पाहू लागली, तेव्हा आवाज चढल्याचे ध्यानात आले.

आता ते दृश्य नीट आठवते. तिने एकेक फीत बोटांत धरली आणि सोडली. मला वाटले, लाजते आहे. ती गाठ चाचपत होती. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवशी मी चर्चमध्ये नशिबाचे आभार मानले, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. ती शेजारी गुडघे टेकून ऐकत राहिली, एक अक्षर बोलली नाही. याचा मला विलक्षण संताप येतो. ते आभार तिचे होते, आणि आता ते घ्यायला ती नाही.

खोक्यांवरचे नाव राहू दे.

अंगठी हाती आल्यावर रेबेकाने वर पाहिले असेल. तेव्हा समोर कोण होते, ते चौकशी करून कळव. तो गृहस्थ अजून गप्प असेल तर त्याचा पत्ता पाठव. त्यालाही एक पत्र लिहायचे आहे.

लोभ आहेच, रागासकट.

लेओन्सिओ