सायलीच्या विषयांचं मतदान

न्हावरे, ता. शिरूर
गुरुवार

सम्राटदादा, धाकट्या बहिणीचा, मायाचा जय भीम.

इकडं आमी समदी बरी हाय. तुमचा गुडघा कसा हाय? सीमावहिनींचं पित्त खाली बसलं का? क्वार्टरच्या नळाला वरपर्यंत पाणी येतंय, का अजून खालनं बादल्या चढवता? दादा, पत्र बघून घाबरू नका. कुणी गेलं न्हाई, कुणाचं लगीन ठरलं न्हाई आन् मला काय मागायचं बी न्हाई. सहज लिहिलं. फोनच केला असता, पण आमच्यात फोन सासूबाई स्पीकरवर ठिवायला लावत्यात (ऐकू येत न्हाई म्हणून न्हाई, त्यांना समदं ऐकू येतं), आन् तुमच्यात फोन वहिनी उचलत्यात. म्हणून कागद. नववीत शाळा सुटली तवापासून अक्षर तिथंच थांबलंय, तेवढं सांभाळून घ्या.

तर आमची सायली दहावी पास झाली ते तुमाला कळलंच. मार्क बरे पडले. तिला नर्स व्हायचंय हे ती सातवीपासून सांगती, पण कामाच्या गडबडीत कुणी ऐकून घेतलं न्हाई. त्यात झालं असं, उन्हाळ्यात आमच्या तांबड्या गाईचा पाय तारेत अडकून फाटला. जनावराचा डॉक्टर यीपर्यंत सायलीनं पाय धुतला, हळद लावली न्हाई (मी आणली व्हती, तिनं परत पाठवली), उकळून वाळवलेल्या फडक्याची पट्टी बांधली. गाय उठून वैरण खाया लागली. आता दादा, ह्यातून माणसाला काय दिसावं? पोरगी नर्स होईल. आमच्या घराला काय दिसलं? पोरीला गाईची आवड हाय.

अकरावीला सायन्स घ्यायचं एवढं ठरलं. मला वाटलं सायन्स म्हंजी सायन्स, एकदा गाडीत बसलं की उतरायचं ते दवाखाना आल्यावर. तर न्हाई. आत गेल्यावर बी फाटे हायेत. गणित घ्या, का जीवशास्त्र घ्या, का दोन्ही घ्या. आन् बायफोकल म्हणून एक असतं, त्यात डेअरी हाय. दूध, जनावर, चारा, आन् त्याला दोनशे मार्क. ते घेतलं की मराठी सुटतं, आन् गणित नायतर जीवशास्त्र ह्यातलं एक सोडावं लागतं. दोनशे मार्क आन् गोठ्यात गाया, हे ऐकून सासूबाईंचं तोंड असं उजळलं, जसं काय परीक्षेला गायाच बसणार हायेत.

घरात मिटंना, तवा मामांनी (माझे सासरे, ज्ञानदेव) विषय विहारात नेला. आमच्या वस्तीत मोठं काय असलं की रविवारी वंदना झाल्यावर बोलायचं, आन् न्हाईच पटलं तर हात वर करायचे. मामा म्हणले, मताचा अधिकार मिळालाय तो वापरायचा कवा? ज्याला त्याला बोलू दिलं. सोजरबाई म्हणल्या गणित घ्या, गणितवाले कंपनीत लागत्यात. (त्यांचा पोरगा रांजणगावला कंपनीत हाय. गेटवर असतो, पण कंपनीतच.) एक आप्पा म्हणले जीवशास्त्रात बेडूक कापत्यात, आपल्याला हिंसा चालत न्हाई. (त्यांच्या घरात बुधवारी काय शिजतं ते आख्ख्या वस्तीला वासावरनं कळतं.) शेवटी मतदान झालं. एकीकडं डेअरी आन् गणित, एकीकडं जीवशास्त्र. सायलीनं हात वर केला, तर मामा मायेनं म्हणले, बाळा, तुला अठरा पुरी न्हाईत, तुला मत न्हाई. नियम म्हंजी नियम. ती खाली बसली. माझं मत? दादा, मी सासूबाईंच्या शेजारी बसले व्हते आन् त्यांनी माझा हात धरला व्हता. त्यांचा वर गेला तवा माझा बी गेला. आमच्या ह्यांनी, नवनाथनी, मतच दिलं न्हाई, त्यांची सेकंड शिफ्ट व्हती. डेअरी भरघोस मतांनी निवडून आली. पेढे वाटले. सायलीनं बी एक खाल्ला.

शिरूरच्या कॉलेजात प्रवेश झाला, आन् मी धाकट्याला, बारक्याला, घेऊन सरकारी दवाखान्यात डोस द्यायला गेले. तिथल्या सिस्टर बोलक्या हायेत. सुई भरता भरता त्यांनी इचारलं, मोठी काय करती? मी हौसेनं सांगितलं, अकरावी सायन्स, डेअरी, पुढं नर्स होणार. सिस्टरचा हात थांबला. "आन् बायोलॉजी गं?" मी म्हणलं, ते मतदानात पडलं. मग त्यांनी नीट समजावलं. नर्सिंगच्या डिग्रीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आन् जीवशास्त्र लागतंच. मार्क कितीबी पडू द्या, जीवशास्त्र न्हाई तर आत घेत न्हाईत. मी इचारलं, गाईचं शिकली तर चालंल का, पोट तर दोघींना बी असतं. त्या म्हणल्या, गाईच्या पोटाला चार कप्पे असत्यात. मग त्यांनी सुई टोचली. बारक्या रडला न्हाई. मी रडले.

काल सायलीला घेऊन कॉलेजात गेले. खिडकीवरचे साहेब म्हणले, विषय बदलायला अर्ज करा, कारण लिहा. मी लिहिलं, मतदान चुकलं. ते म्हणले, मावशी, इथं निवडणूक कार्यालय न्हाई. (मी तेहतीस वर्षांची हाय दादा, आन् साहेबांचं टक्कल पडलेलं.) तसं बी त्यांच्याकडं जीवशास्त्राच्या जागा भरल्या. त्यांनीच कंप्युटरमधी बघून सांगितलं की तुमच्या दौंडला एका कॉलेजात जागा हायेत, पण उद्या शुक्रवारी शेवटचा दिवस. त्याच्यापुढं दोन वर्ष डेअरी.

दादा, मला भ्या वाटतंय. मला कशाचं बी वाटतं ते तुमाला ठाऊक हाय, गाडी चुकायचं वाटतं, साहेबांच्या खिडकीचं वाटतं, सासूबाई गप्प बसल्या की लई वाटतं. पण हे येगळं हाय. माझी शाळा सुटली तवा बी कुणी वाईट वागलं नव्हतं. समदी चांगलीच माणसं बसली व्हती, चहा झाला आन् ठरलं. मला बी तवा अठरा पुरी नव्हती.

असो. सांगायचं एवढंच व्हतं. काम काय न्हाई. गुडघ्याला शेक द्या, वहिनींना जय भीम सांगा.

तुमची बहीण,
माया

ता.क. काम न्हाई म्हणलं, पण एक हाय. सायलीला दोन वर्ष तुमच्यात ठिवून घ्याल का? दोनच खोल्या हायेत, मला म्हाईत हाय. ती जिन्यात बी अभ्यास करंल. जेवती कमी, बोलती त्याहून कमी, आन् बादल्या चढवती. वहिनींना हे पत्र दाखवू नका, तुमीच आपल्या मनानं सुचल्यासारखं बोला.

ता.क. दुसरा. हे शुक्रवारी सकाळी गाडीत लिहितेय, अक्षर हालतंय. पोस्टात टाकलं तर शुक्रवार जायाचा, म्हणून सायलीच्या हाती द्यायचं ठरवलं. मग ती एकटी कशी जाईल म्हणून मी बी निघाले. घरी सांगितलं बारक्याचा डोस राह्यलाय, आन् त्याला कडेवर घेतलं. स्टँडवर आले तर सासूबाई आधीच पिशवी घेऊन बसलेल्या. मी म्हणलं व्हतं ना, त्यांना समदं ऐकू येतं. मी बारक्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. गाडी आल्यावर त्याच कंडक्टरला म्हणल्या, तीन दौंड. मग खिडकीकडं बघत म्हणल्या, दिलेलं मत माघारी घेता येत न्हाई, पण निवडणूक परत लावता येती.

ता.क. शेवटचा. तुमच्या जिन्याखाली फेरमतदान झालं. वयाची अट सासूबाईंनी काढून टाकली. सायलीनं हात वर केला, मी केला, आन् माझा हात ह्यावेळी कुणी धरला नव्हता. सासूबाईंनी शेवटी केला. जीवशास्त्र बिनविरोध. आता फकस्त वहिनींचं मत राह्यलंय, तवा हे पत्र त्यांना बी वाचून दाखवा, पित्ताचं सोडून. सायली तुमच्या म्होरं उभी हाय, वाचून होईस्तोवर बोलू नको असं मीच सांगितलंय. आमी खाली हाय. कॉलेजची खिडकी दुपारीच बंद करत्यात. लवकर सांगा, सासूबाईंनी तुमच्या बादल्या भरायला घेतल्यात.