खोलीबाहेरचा मामा

४ ऑक्टोबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं मी धरून चालते. आमचंही ठीक. थंडीचे कोट बाहेर निघाले की लोकांना आपण सुटल्याचं कळतं आणि शिवण सैल करून घ्यायला ते माझ्या दुकानात येतात. ह्यांचा उजवा हात अजून थरथरतो. घड्याळदुरुस्ती सुटली ती सुटलीच. आता माझ्याच दुकानात बसून गिऱ्हाइकांना वेळेचं महत्त्व सांगतात.

पत्राचं कारण आपली ठकू. तुझ्याच विद्यापीठात गणित शिकायचं म्हणते. गुण सगळे वरचे, फक्त हे अंथरुणाला खिळले त्या वर्षी घसरले. मी दुकानात आणि ती दवाखान्यात, असं ते वर्ष गेलं. शेजारीपाजारी म्हणतात, मामाच अर्ज वाचायला बसलाय, तुम्हाला काय काळजी! तू मला सरळ सांग, आशा धरू की नको?

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी ताई

१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून खरं लिहितो. या कामात राहून खोटा दिलासा द्यायची माझी सवय मोडली आहे. आमच्याकडे शंभर अर्ज आले तर चार घेतात, आणि त्या शंभरातल्या निम्म्या मुलांना घेतलं तरी विद्यापीठाचं काही बिघडणार नाही. त्यामुळे ठकूचं नक्की होईल असं कुणी म्हणालं, तर तो ज्योतिषी समज. ती त्या निम्म्यात आहे, एवढं मी छातीठोक सांगतो.

आता मामाचं. नात्यातलं कुणी अर्ज करणार असेल तर आधी लेखी कळवायचं, तो अर्ज उघडायचा नाही, आणि चर्चेला आला की खोलीबाहेर जाऊन बसायचं, असा नियम आहे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कळवून टाकलं. म्हणजे मी असून नसल्यासारखा.

एकच गोष्ट सांगतो, जी कुठल्याही मुलाला सांगितली असती. गुण घसरलेल्या वर्षाचं कारण लिहायला अर्जात जागा असते. तिथे दोन ओळी लिहायला सांग. चर्चेत एकेका अर्जाला फार वेळ मिळत नाही. गुणांत खड्डा दिसला की लोक पुढे सरकतात. थांबा, कारण शोधू, शाळेला विचारू, असं म्हणणारा बहुतेक वेळा मीच असतो. त्यावरून मला सगळे खड्डेवाला म्हणतात.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा गुंड्या

२ नोव्हेंबर

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

रागावले नाही. पण तुझी भाची तुझ्यावर गेली आहे, एकदा नाही म्हणाली की नाही. तिने त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. वर शाळेतल्या बाईंनाही, शिफारसपत्रात घरातलं काही घालू नका, असं सांगून आली.

कारण ऐकशील तर तुझं तोंड बंद होईल. अर्ज पाठवायच्या आधी बाबा वाचणार, तेही दोनदा. त्या वर्षी गणिताचे मास्तर वाईट होते, असं तिने ह्यांना सांगून ठेवलंय. हे अजून त्या बिचाऱ्या मास्तरांच्या नावाने खडे फोडतात. आपल्या आजारपणात पोरीचं वर्ष गेलं, हे कळलं तर ह्यांची उरलीसुरली उमेद जाईल. म्हणून तिने अर्जासोबतचा निबंध लिहिलाय तो आमच्या इमारतीच्या लिफ्टवर. रिकामी असताना ती कुठल्या मजल्यावर उभी राहिली तर सगळ्यांचा खोळंबा कमी होईल, याचं गणित. हे तो वाचून इतके खूश झाले की वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनाही ऐकवून आले.

गुंड्या, तुझा नियम मला कळला. तरी कुणाच्या कानावर एक शब्द घालता येणार नाही का? आई आहे म्हणून विचारते. नसेल जमत तर विचारलंच नाही असं समज.

दोघींना तुझाच आधार, तो असू दे.
तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुम्हाला कळला असेलच. ठकूचं झालं नाही.

खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, पण तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही. तिचा अर्ज निघाला तेव्हा मी उठून बाहेर बाकावर बसलो. दाराला काच आहे, त्यातून फक्त पाठी दिसत होत्या. तुझा तो एक शब्द माझ्या तोंडाशी होता आणि मी तो गिळून बसलो होतो. हातातला चहा पिण्याजोगा होईपर्यंत त्यांनी मला आत बोलावलंसुद्धा. नंतर कळलं की लिफ्ट सगळ्यांना आवडली. मग कुणीतरी मधल्या वर्षाचं विचारलं, कारण कुठे दिसेना, आणि अर्ज बाजूला ठेवला गेला. थांबा म्हणणारं आत कुणी नव्हतं.

पुढचा अर्जही एका मुलीचाच होता, मधलं वर्ष असंच खचलेलं. मी सवयीने थांबा म्हणालो. शाळेला फोन लावायला लावला. तिची आई आजारी होती असं निघालं. मी घसा बसेपर्यंत भांडलो, ताई, आणि ती मुलगी घेतली गेली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

क्षमा माग म्हणालीस तर कशाची मागू तेही मला कळत नाही. तुटू नकोस एवढंच.
गुंड्या

२ एप्रिल

चि. गुंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा मशीनवर होते. वाचलं आणि तुझा राग आला. दुसऱ्याच्या लेकीसाठी घसा बसवलास म्हणून आला. दोन दिवस राहिला. मग वाटलं, तिच्याही आईने कुणाला तरी विचारलं असेल, आशा धरू की नको.

ठकू इथल्याच कॉलेजात नाव घालणार आहे. हे म्हणतात, ते मास्तर नडले. ती मान डोलावते आणि ह्यांच्या हातात चहा देते. मी बघत नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, पण बाकापर्यंतच. पुढचं घडी करून ठेवून दिलं. तिने एकच विचारलं. मामा आत असता तर झालं असतं का? मी म्हणाले, नाही गं, तिथे एकट्याचं कोण ऐकतं. तिला ते पटलं की नाही, कळलं नाही.

ती तुला पत्र लिहिणार आहे. हेच विचारेल. खोटा दिलासा द्यायची तुझी सवय मोडली आहे, मला ठाऊक आहे. तरी माझ्यासाठी एकदा नाही म्हण.

ये कधी तरी. माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई