डब्यातलं अख्खं लिंबू

बाबा, मी गाडी घेतली. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहायला बसले ती हे सांगायला नाही, पण सुरुवात इथूनच करावी लागते. नवी कोरी, पांढरी, शोरूममधून निघालेली. आपल्या घरात चाक म्हटलं की एक तुमची सायकल, नाहीतर तुमच्या हातातली लाल एसटी, आणि ती सरकारची. मायचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढत नाहीत. एक पाय वर, एक खाली, दांडा धरून ती तशीच अडकते, कंडक्टर घंटीवर हात ठेवून ओरडतो आणि मागचे लोक ढकलतात. जिचा नवरा उमरखेड डेपोत जन्मभर ड्रायव्हर होता, त्या बाईला एसटीत कोणी हात देत नाही, हे मला बघवेना. माझी शाळा फुलसावंगीला, मायचा डॉक्टर यवतमाळला. म्हटलं, आपली गाडी असली की कोणाचं ऐकून घ्यायला नको. केवढी भोळी मी.

शोरूम यवतमाळचं. गाडीवर लाल कापड टाकलेलं, ते ओढायचं, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात धरायची, फोटो काढायचा. सगळं केलं मी, हसत केलं. मग एक पोरगी ताट घेऊन आली, त्यात हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं. चाकाखाली ठेवायची आणि गाडी वरून न्यायची. मी म्हटलं, आम्ही नाही ठेवत. ती गोंधळली. टाय घातलेला सल्लागार पुढं आला, त्याने हातातल्या कागदावरचं आपलं आडनाव पाहिलं आणि मान हलवली. "अच्छा, अच्छा. समजलं मॅडम." हे 'समजलं' तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे, बाबा. मी ताठ मानेने चावी घेतली. त्या वेळी तुम्हीच माझ्या पाठीशी उभे आहात असं वाटलं. पांढरं लुगडं नेसलेली माय बाजूला उभी होती. ती माझ्याकडं पाहत नव्हती, ताटाकडं पाहत होती.

दसऱ्याला डेपोत गाड्या धुतल्या जायच्या ते आठवते मला. तुमची गाडी सगळ्यात चकचकीत. झेंडूचा हारही तुम्ही घालायचे, फूल ते फूल, म्हणायचे. पण लिंबूमिरची नाही आणि चाकाखाली लिंबू नाही. मी तुमचं बोट धरून उभी असायची आणि बाकीचे ड्रायव्हर तुमच्याकडं पाहून डोळे मिचकावायचे. एका वर्षी माय पदराखाली लिंबू घेऊन डेपोत आली होती. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडी मी चालवतो, लिंबू नाही चालवत. घरी जा." ती गेली. घरी आल्यावर पुन्हा तो विषय निघाला नाही, म्हणून मीही समजले की संपला.

मग पुसदच्या घाटात तुमच्या गाडीचे ब्रेक गेले. तुम्ही ती डोंगराच्या अंगाला घासत थांबवली, कोणाला खरचटलंही नाही. महिनाभरापासून ब्रेक नरम लागून राह्यले म्हणून तुम्ही सांगत होते, हे सगळ्या डेपोला माहीत. तरी साहेब केबिनमध्ये काय म्हणाला, तर तुले लिंबाचं वावडं आहे ना, भोग मग. आणि तुम्ही म्हणाले, "साहेब, लिंबानं ब्रेक लागत असते तं वर्कशॉप कायले ठेवलं?" हे वाक्य तुम्ही घरी जेवताना इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. त्यापायी तुम्हाला वर्षभर आडगावी रात्री मुक्काम करायच्या गाड्या दिल्या, ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाही. ते मायने सांगितलं.

आणि स्वयंपाकघर. तुमचा डबा भरताना माय चुलीपुढं बसलेली आहे. भाकरी, वरण, ठेचा, आणि वर एक लिंबू. अख्खं. तुम्ही बूट घालता घालता कुरकुरता, "अर्धं काहून नाही देत? वाया जाते." माय मान वर न करता म्हणते, "कापलेलं लिंबू कडू होते." तुमच्या खिशात म्हणून कायम तो छोटा चाकू असायचा. दुपारी कुठल्यातरी स्टँडवर डबा उघडायचा, लिंबू कापायचं, वरणावर पिळायचं. सगळ्या डेपोला माहीत होतं की तुम्हाला लिंबाशिवाय घास उतरत नाही. म्हणून साहेबाचं ते 'लिंबाचं वावडं' ऐकून मला हसू आलं होतं.

असो. गाडी. पहिल्याच महिन्यात चालता चालता बंद पडली. आचका नाही, आवाज नाही, एकदम सगळे दिवे लागले आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. पुन्हा चावी फिरवली की सुरू, जसं काही झालंच नाही. यवतमाळला नेली. तिथं ती शहाण्या पोरीसारखी चालली. तोच टायवाला सल्लागार म्हणाला, "प्रॉब्लेम दिसून नाही राह्यला मॅडम. दिसल्याशिवाय काय दुरुस्त करू?" दुसऱ्यांदा गेले तर पेट्रोल कुठून टाकता. तिसऱ्यांदा गेले तर तुमच्या तिकडचे रोडच तसे. मग सॉफ्टवेअर अपडेट मारलं. मग म्हणे क्लचवर पाय ठेवून चालवता का, लेडीज लोक ठेवतात. दरवेळी शाळेला सुट्टी टाकायची, काचेच्या खोलीत थंडगार बसायचं, कागदी कपातली गोड कॉफी प्यायची आणि 'कस्टमर समाधानी' या ओळीखाली सही करायची. सही केली नाही तर चावी देत नाहीत. मी सही करत गेले. वर्गात पोरांना सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि एकदा गाडी घ्यायला गेले तर तो हसत हसत विचारतो, "डिलिव्हरीच्या दिवशी पूजा नव्हती केली ना तुम्ही?" माझ्या ओठांवर तुमचं वाक्य आलं. बोलले मी ते, तुमच्याच ठसक्यात. तो अजून हसला. म्हणाला, गंमत केली मॅडम.

हे मी घरी येऊन मायला अभिमानाने सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "एक लिंबू ठेवलं असतं तं काय तुहं डोस्कं कापलं जात होतं?" मी चिडले. तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. बाबांनी जन्मभर जे पाळलं ते तुला कळलंच नाही, असंही म्हटलं. ती मेथीच्या काड्या उचलून उठली. पुढच्या रविवारी मी काचेचं पाणी भरायला बोनेट उघडलं आणि बाटली आणायला आत गेले. परतले तेव्हा माय गाडीपाशी उभी. "इथून पाणी टाकतेत काय वं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि बोनेट लावलं.

त्यानंतर दवाखान्यातून परतताना आर्णी सोडल्यावरच्या उतारावर गाडी पुन्हा बंद पडली. भर दुपार, मागे कापसाचा ट्रक. माय नेहमीसारखी मागच्या सीटवर, बरोबर माझ्या मागे. पुढची जागा रिकामी असली तरी ती तिथंच बसते, तुमच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची सवय. स्टिअरिंग वळेना. ट्रकवाला हॉर्न दाबून बाजूने गेला, त्याचा वारा आम्हाला लागला. मी दोन्ही हातांनी ओढून गाडी मुरमात घातली. मागे मायचं 'बुद्धं सरणं' सुरू होतं, अगदी बारीक आवाजात. खाली उतरून मी रडले, बाबा. भीतीनं नाही, संतापानं. मायचा जीव मी एका चकचकीत डब्यात घालून रस्त्यावर आणला होता, आणि ज्यांनी तो विकला त्यांना प्रॉब्लेम दिसत नव्हता.

टोचन लावून गाडी परत यवतमाळला. या वेळी बोनेट उघडलं तेव्हा मी बाजूलाच उभी राहिले. बॅटरीच्या मागे, वायरींच्या खोबणीत एक चिंधी निघाली. सल्लागाराने ती दोन बोटांत धरून उलगडली, आत काळं पडलेलं, पिचलेलं लिंबू. त्याचा चेहरा असा खुलला की बस. "मॅडम, तुम्ही तं लिंबू मानत नव्हत्या." मग आवाज लगेच सरकारी. बाहेरची वस्तू, रस वायरिंगमध्ये, आता हे वॉरंटीत बसणार नाही. लिंबू नव्हतं म्हणून गाडी बंद पडत होती, आता लिंबू आहे म्हणून बंद पडते. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा हे लिंबू झाडालासुद्धा लागलं नसेल. मी तेच म्हटलं. तो म्हणाला, "मग कधी ठेवलं? कोणी ठेवलं? त्यांना बोलवा, लिहून घेतो, कंपनीला पाठवतो." बरोबर होतं त्याचं. मायला बोलावलं असतं, तिने दिवस सांगितला असता, तर त्यांना तोंड उघडायला जागा नव्हती. माय दहा पावलांवर काचेपलीकडं बसलेली होती, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून. आणि ती चिंधी खाकी होती. तुमच्या वर्दीची, खिशाची शिवण तशीच होती तिच्यावर.

त्या माणसापुढं, त्या हसण्यापुढं मी मायला उभी करणार होते का? ह्या बाईने लिंबू ठेवलं, तुमच्या आडनावाच्या बाईने, असं त्याच्या कागदावर लिहून घेऊ देणार होते? मी म्हटलं, "मीच ठेवलं." त्याने लिहिलं. मी सही केली. वायरिंग पदरच्या पैशाने बदललं. जुनं काढताना निघालं की एक जोड कारखान्यातूनच नीट बसलेला नव्हता. मिस्त्रीने मला तो दाखवला. सल्लागाराने पाहिला नाही. गाडी आता चालते. माझा राग मात्र जात नाही. तो माणूस दिसला की आजही हात शिवशिवतात.

गाडी घेऊन परतताना माय नेहमीसारखी माझ्या मागेच बसली. महागाव आल्यावर मागून म्हणाली, "त्या काचेतून सगळं दिसते वं." मी आरशात पाहिलं नाही. मग म्हणाली, "तुह्या बाबाच्या डब्यात रोज एक देत होती मी. अख्खं. राखणीले कापलेलं चालत नाही. त्यायले वाटे, वरणासाठी हाय."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर हसले असते की रडले असते, ठाऊक नाही. तुमची सगळी नोकरी, बाबा. तुमच्या प्रत्येक गाडीत, तुमच्याच पिशवीत ते लिंबू होतं, दुपारी तुम्ही ते कापून खायचे आणि उद्या ती दुसरं द्यायची. तुम्ही तिला डेपोतून हाकललं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून असेल हे. मी विचारलं नाही. पुसदच्या घाटातही असणार. तुम्ही गाडीवर गेले की ती एकटीच रोज इतकी भीत होती, आणि आपण दोघं जेवताना तुमचं वाक्य म्हणून हसत होतो. तुमच्यावर राग आला मला, पहिल्यांदाच. माझ्यावर त्याहून जास्त.

हे तुम्हाला कोण पाठवणार आणि कुठं. तुम्ही असतानाही मी हे तुमच्या हातात दिलं नसतं, मायचं गुपित तुमच्यापासून तरी राहू द्यावं. पण एक सांगून टाकते. सोमवारपासून माझ्या शाळेच्या डब्यात लिंबू यायला लागलं आहे. अख्खं. माझ्या पर्समध्येही चाकू आहे. गाडीच्या पुढच्या खणात आतापर्यंत चार जमली आहेत. बाबा, मी अजून एकही कापलं नाही.