हळू सांगितलेली गोष्ट

पुणे, कार्तिक वद्य पंचमी, १९३८

तीर्थरूप आक्कास धाकट्या शामूचा वडगावच्या उंबऱ्यापर्यंत नमस्कार.

मी खुशाल आहे. खाणावळीत भाकरी मिळते. तुझा खोकला कसा आहे?

इथं कॉलेजात माणसांशी कसं बोलावं हेही शिकवतात. पहिल्यांदा उभा राहून बोललो तर सगळा वर्ग हसला. मागांच्या खडखडाटात वाढलेला माझा आवाज. प्राध्यापक म्हणाले, हळू बोला, ऐकणाऱ्याकडं बघा. त्यातलं हळू बोलणं तेवढं जमलं.

दिवाळीत आप्पांना तसंच हळू सांगितलं, की बी.ए. झाल्यावर मी मागावर बसणार नाही. ते मान हलवून "व्हय, व्हय" म्हणाले. मला हलकं वाटलं. पण गाडी सुटताना म्हणाले, "परीक्षा झाली की ये. तुझा माग झाडूनपुसून ठेवतो."

मागानं कान गेलेल्या माणसाला काहीच ऐकू आलं नव्हतं गं.

आईच्या माघारी त्यांच्या कानाशी ओरडणारी तूच उरलीस. तू सांगशील? की नको? मीच येऊन सांगावं म्हणून काल खोलीत मोठ्यानं बोलून बघितलं. तो आवाज आता निघत न्हाय.

आप्पांना जप.

तुझा,
शामू